गिरणीतली गॅलरी बघायला निघताना: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी एका शनिवारचा आराखडा

जुन्या गिरण्या, गोदामं आणि छापखान्यांच्या जागी मुंबईत आता चित्रदालनं, छोटी नाट्यगृहं, स्टुडिओ आणि कॅफे आहेत. ठाण्याहून तिथे जाणारे बरेचसे लोक विटांच्या भिंतीपुढे उभे राहून फोटो काढतात, महागडी कॉफी पितात आणि लोकल पकडून परत येतात. त्यात वाईट काही नाही, पण तेवढ्यासाठी एवढ्या लांब जायची गरजही नाही. तशी कॉफी घोडबंदर रोडला हवी तेवढी मिळते. जायचंच तर इमारत वाचायला शिकून जावं. छताला दाते का, खांब इतके जवळजवळ का, भिंतीतून लोखंडी कान बाहेर आलेत ते कशासाठी, हे ओळखता आलं की आतलं प्रदर्शन सुमार निघालं तरी फेरी वसूल होते.

पुढे सगळं क्रमानं सांगतो. गाडीत बसल्यावर वाचायचं तेही त्यातच आहे.

आधी जागा ठरवा, मग दिवस

गिरणीचं आवार म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लोअर परळ येतं. मथुरादास मिल, कमला मिल, फिनिक्स. ही आवारं कुणालाही खुली आहेत, पण तिथे आता मुख्यतः ऑफिसं आणि खाण्यापिण्याच्या जागा आहेत. फिनिक्स मिल कंपनी १९०५ सालची; आजच्या मॉलच्या मधोमध तिची चिमणी अजून उभी आहे. खरेदीला आलेली माणसं तिच्या पायथ्याशी भेटायची वेळ ठरवतात आणि वर कुणी बघत नाही. पहिल्याच फेरीला लोअर परळ निवडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे गिरणीचा कपडा इतका बदललाय की नवख्या माणसाला खाली काय होतं ते दिसतच नाही.

त्यापेक्षा भायखळा गाठा. राणीच्या बागेजवळ, डॉ. आंबेडकर रस्त्यावर न्यू ग्रेट ईस्टर्न मिलचं आवार आहे. त्यात नाइन फिश नावाचं चित्रदालन आहे, जुन्या लाकडी फर्निचरचं मोठं दुकानही आहे. तिथून सात रस्त्यामार्गे महालक्ष्मीला आलात की शक्ती मिल लेनमध्ये लक्ष्मी मिलच्या आवारात जी फाइव्ह ए ही संस्था आहे. तिनं एका गोदामाचं काळ्या भिंतींचं छोटं नाट्यगृह केलंय. नाटक, नाच, सिनेमा, चर्चा असं काही ना काही तिथे चालतं. एक दुपार आणि एक संध्याकाळ या दोन जागांना पुरते.

कुलाब्याला प्रोजेक्ट एटी-एट हे दालन जुन्या छापखान्यात आहे, ते दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. ससून डॉकची गोष्ट वेगळी. १८७५ सालचा हा डॉक आजही मासळीचा आहे. २०१७ मध्ये तिथल्या गोदामांत मोठा कलामहोत्सव भरला आणि नंतरही एकदा भरला. अशा महोत्सवाची बातमी आली की लगेच जायचं, कारण एरवी ती गोदामं प्रेक्षकांसाठी नसतात. वास्तुविशारदांचे आणि चित्रकारांचे खासगी स्टुडिओही जुन्या गोदामांत आहेत. तिथे आमंत्रण किंवा आधी घेतलेली वेळ असेल तरच जावं.

दिवस शनिवारचा. रविवारी बहुतेक खासगी दालनं बंद असतात, शिवाय मेगाब्लॉक. बुधवारी राणीची बाग आणि तिच्याच फाटकाला लागून असलेलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद असतं, आणि भायखळ्यापर्यंत जाऊन ते चुकवणं बरं नाही. गणेशोत्सवाचे दिवस टाळा. त्या दहा दिवसांत लालबाग-भायखळा पट्ट्यात पायी चालणंसुद्धा गर्दीच्या मर्जीवर असतं. उलट एप्रिल-मेमध्ये मिरच्या आणि मसाले करायला तुम्ही लालबागला जाणारच असाल, तर ही फेरी त्याला जोडून घ्या. मसाला कांडून होईपर्यंत दोन-तीन तास मोकळे मिळतातच.

निघण्याआधीचे फोन

अशा जागांचं आयुष्य भाड्यावर अवलंबून असतं. मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेलं ब्लू फ्रॉग हे संगीताचं ठिकाण शहरभर गाजलं आणि २०१६ मध्ये बंदही झालं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा कुणाचा तरी व्हिडिओ बघून निघू नका. जागेच्या स्वतःच्या पानावर बघा, आणि शक्य तर आदल्या दिवशी फोन करा. विचारायचं एवढंच: सध्या प्रदर्शन लागलंय का (दोन प्रदर्शनांच्या मधल्या आठवड्यात दालन बंद असतं), शनिवारी किती ते किती, जिने किती आहेत, आणि फोटो काढू देतात का. कार्यक्रमाला जायचं असेल तर तिकीट आधीच काढा. छोट्या नाट्यगृहांत खुर्च्या मोजक्या असतात आणि उशिरा येणाऱ्यांना आत सोडत नाहीत. हा नियम ते पाळतात, आपल्याकडच्या नाट्यगृहांसारखी पहिल्या अंकभर येजा चालत नाही.

आपल्याकडच्या अनेकांना एक संकोच असतो, तो इथेच मोडून टाकतो. चित्रदालनात जायला सहसा तिकीट नसतं, आणि आत गेलात म्हणून काही विकत घ्यावं लागत नाही. काचेचं दार बंद दिसतं ते एसीमुळे. ढकलून आत जायचं, टेबलाशी बसलेल्या व्यक्तीला मान हलवून नमस्कार करायचा आणि बघायला लागायचं. चित्रांबद्दलचा छापील कागद बहुतेक ठिकाणी मागितला की मिळतो. किंमत विचारली तरी कुणाला राग येत नाही.

बरोबर घ्यायचं सामान थोडंच. पायात बंद बूट, कारण आवारातले रस्ते अजून गिरणीच्या काळातल्यासारखेच खडबडीत असतात. पाण्याची बाटली, ओळखपत्र. घरात मुलांची छोटी दुर्बीण असेल तर तीही, चिमणीवरचे आणि छताखालचे तपशील डोळ्यांनी नीट दिसत नाहीत. पावसाळ्यात जायला हरकत नाही. पत्र्याच्या छतावर पाऊस वाजायला लागला की गिरणीच्या आवाजाची थोडी कल्पना येते. मात्र जोराच्या पावसात भायखळा, परळ, हिंदमाता या सखल भागात पाणी भरतं, तेव्हा भरतीची वेळ बघून निघा.

गाडी

ठाण्याहून भायखळ्याला थांबणारी फास्ट पकडा, साधारण पाऊण तास लागतो. चिंचपोकळी आणि करी रोडला फक्त स्लो थांबते. वाशी, नेरूळ, बेलापूरकडून येणाऱ्यांनी हार्बरनं कुर्ल्याला यावं आणि गाडी बदलावी. ऐरोली, रबाळे, घणसोलीकरांना ट्रान्स-हार्बरनं ठाणे गाठून पुढे येणं सोपं. गाडी आपली घेऊन जाऊ नका. गिरण्यांच्या आवारात पार्किंगसाठी मोजावे लागणारे पैसे आणि शनिवारी संध्याकाळी परतीची पूर्व द्रुतगती मार्गावरची रांग, दोन्ही दिवसाची मजा घालवतात.

भायखळ्याला उतरल्यावर लगेच बाहेर पळू नका. स्टेशनची जुनी इमारत नीट दुरुस्त करून मूळ रूपात आणली आहे आणि त्या कामाला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. जुनी वास्तू वापरात ठेवून जपणं म्हणजे काय, याचा नमुना म्हणून दहा मिनिटं द्या. पुढे जे बघायचंय त्याच्याशी ताडून बघायला तो उपयोगी पडेल.

गाडीत वाचायचा इतिहास

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये गिरणी चालू झाली. त्याआधीच, १६ एप्रिल १८५३ला, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी रेल्वे धावली होती. गिरणी आणि रेल्वे या शहरात एकदमच वाढल्या. यंत्रं लँकशायरहून यायची, कापूस देशावरून, आणि माणसं कोकणातून, घाटावरून. १९१५ मध्ये खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली आणि हळूहळू वाफेची इंजिनं मागे पडली.

१८ जानेवारी १९८२ला कामगारनेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. अनेक गिरण्या पुन्हा धड चालल्या नाहीत आणि त्यांच्या जमिनीची किंमत मात्र वाढत गेली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती राहिली. इमारत उभी होती ती जमीन त्यातून सुटली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा बदल कायम ठेवला. सार्वजनिक वाट्याला आलेली जमीन त्यामुळे खूपच आक्रसली.

हे डोक्यात असू द्या, कारण आज जी शेड तुम्ही बघणार आहात ती वाचली आहे ती बहुतेक वेळा कुणी जपली म्हणून नव्हे, पाडायचा मुहूर्त अजून लागला नाही म्हणून. स्टुडिओ आणि दालनं अशा मधल्या काळात येतात. भाडं परवडतं, उंची मिळते, आवाज केला तरी शेजारी ओरडत नाहीत.

गेटवर

मोबाइलचा नकाशा गिरणीच्या आवारापाशी हमखास फसतो आणि तुम्हाला मागच्या भिंतीशी आणून सोडतो. नव्या जागेचं नाव विचारण्यापेक्षा गिरणीचं नाव विचारा. ‘दादा, ग्रेट ईस्टर्न मिलचं गेट कुठलं?’ या प्रश्नाला पानाच्या टपरीवरही उत्तर मिळतं. टॅक्सीवाल्याला ‘शक्ती मिल लेन’ म्हणा, नाट्यगृहाचं नाव त्याला ठाऊक असेलच असं नाही.

गेटवरचा वॉचमन ‘कुणाकडे?’ विचारणार. ठामपणे दालनाचं नाव सांगा, वहीत नाव-नंबर लिहा. ‘असंच बघायला आलोय’ म्हणालात की अडलात, आणि त्यात त्याची चूक नाही. त्याला आवारातल्या प्रत्येक गाळ्याला उत्तर द्यावं लागतं. जाताना मात्र दोन मिनिटं बोला. वयस्कर असेल तर ‘काका, तुम्ही गिरणी चालू असताना पाहिली होती का?’ एवढं विचारलंत तरी कधी कधी खजिना उघडतो. कुठलं खातं कुठल्या इमारतीत होतं, भोंगा कुठे होता, पगार कुठल्या खिडकीतून मिळायचा हे फलकावर लिहिलेलं नसतं.

पूर्ण बंद पडलेल्या, पडीक गिरण्यांमध्ये भिंतीच्या भगदाडातून शिरायचा मोह होईल. शिरू नका. कुजलेले लाकडी मजले वरून धड दिसतात आणि पाय पडला की जातात. शिवाय तो गुन्हा आहे.

बाहेरून काय बघायचं

आत जाण्याआधी आवाराला एक फेरी मारा. सर्वांत आधी चिमणी शोधा. उभी असेल तर तिच्या बुडाशी बॉयलरघर होतं असं समजा. धूर उंचावर सोडणं हे तिचं अर्धंच काम. गरम हवा उंच नळकांड्यातून वर चढते तेव्हा खालून ताजी हवा भट्टीत ओढली जाते, आणि चिमणी जितकी उंच तितकी ही ओढ जास्त. म्हणून तिची उंची हौसेची नव्हती. वीज आल्यावरही चिमण्या धूर ओकतच राहिल्या, कारण खळ लावायला, ब्लीचिंगला आणि रंगकामाला वाफ लागायचीच.

मग एखादा मनोरा दिसतो का बघा. जिन्याच्या वर चौकोनी बुरूज आणि त्यावर टाकी. आग लागलीच तर छतातल्या नळ्यांमधून पाणी सोडण्यासाठी ही टाकी उंचावर ठेवलेली असायची. कापसाच्या गिरणीला आगीची धास्ती सगळ्यात मोठी. दोन खात्यांच्या मधली भिंत छताच्याही वर गेलेली दिसली, किंवा दाराला जाड लोखंडी सरकता पल्ला दिसला, तर त्याचं कारण हेच.

आता इमारतींची उंची. एकाच आवारात एक इमारत तीन-चार मजली आणि तिच्याशेजारी बैठी, ऐसपैस शेड अशी जोडी दिसली तर मजली इमारत बहुधा सूतकताईची आणि बैठी शेड विणकामाची. सूत कातायच्या चात्या जागच्या जागी गरगर फिरतात, त्यांचा मजल्याला त्रास कमी. माग मात्र दर फेऱ्याला आडवा धागा नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे आपटतात. असे शेकडो माग एका तालात हलले की मजला हादरतो, म्हणून ते जमिनीवर.

आत गेल्यावर आधी वर बघा

विणकामाच्या शेडचं छत करवतीच्या दात्यांसारखं असतं. प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती आणि बंद, दुसरी उभी आणि काचेची. मोबाइलमधलं होकायंत्र उघडा आणि काच कुठल्या दिशेला आहे ते बघा. दिशा उत्तर निघाली पाहिजे. उत्तरेकडून येणारा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, थेट ऊन आत येत नाही, तुटलेला धागा विणकऱ्याला सावलीशिवाय दिसतो. ही रचना विलायतेतून जशीच्या तशी आली. तिथे भर दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. मुंबई-ठाणे कर्कवृत्ताच्या खाली असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्याकडे डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकतो, आणि तेवढे दिवस या काचांमधून ऊन आत उतरू शकतं. जूनपासून ढग येतात म्हणून फारसं बिघडत नाही. पण मेच्या शेवटच्या आठवड्यात, निरभ्र दुपारी बाराच्या पुढे अशा शेडमध्ये उभं राहायला मिळालं तर जमिनीवरचे उन्हाचे पट्टे जरूर बघा.

चित्रकारांना आणि दालनांना हाच उजेड हवासा वाटतो, रंग खरे दिसतात. नाट्यगृहाला मात्र तो नको असतो. काळोख हवा म्हणून काचा झाकाव्या लागतात, आवाज घुमतो म्हणून भिंतींना अस्तर लावावं लागतं. त्यामुळे दालनात इमारत जास्त उघडी सापडेल, नाट्यगृहात ती शोधावी लागेल. जी फाइव्ह ए सारख्या ठिकाणी कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पोचा म्हणतो ते यासाठी.

नजर छतावरून खांबावर आणा. ओतीव लोखंडाचे बारीक, गोल खांब दिसले तर पायथ्याशी किंवा डोक्याशी ओतकामाची अक्षरं आहेत का ते चाचपून बघा, कारखान्याचं किंवा गावाचं नाव सापडू शकतं. दातेरी छतात दोन दात्यांच्या मधल्या पन्हळीत पाऊस साठतो. काही ठिकाणी खांब पोकळ ठेवून त्यातूनच ते पाणी खाली सोडत. खांबांमधलं अंतर पावलांनी मोजा. ते माणसांच्या सोयीनं ठरलेलं नसून यंत्रांच्या लांबी-रुंदीनं ठरलंय, म्हणूनच आज तिथे प्रदर्शन मांडणाऱ्याला नेमका चित्रासमोरच खांब येतो.

खांबांवर किंवा तुळयांवर, डोक्याच्या बऱ्याच वर, लोखंडी कान किंवा कंस उरलेले असतील. वाफेच्या काळात एकच मोठं इंजिन असायचं. त्याची गती दोरांनी आणि दांड्यांनी मजल्यामजल्यावर नेलेली असे, आणि छताखाली फिरणाऱ्या दांड्यावरून पट्टा खाली उतरून एकेक यंत्र चालवायचा. ते कान या दांड्यांना धरायचे. नूतनीकरणात ते कापून टाकतात किंवा दिवे टांगायला वापरतात. दुसरा प्रकार मला आवडतो.

मजला आतून बघता आला तर तुळयांच्या मध्ये विटांच्या छोट्या कमानी दिसतील. लाकडापेक्षा ही रचना आगीला जास्त टिकते. जमिनीत बुजवलेली बोल्टची भोकं, तेलानं काळे पडलेले पट्टे हे यंत्रांचे पत्ते आहेत. नवी चकचकीत फरशी घातली असेल तर हे सगळं गेलं म्हणून समजा, आणि मनातल्या मनात वास्तुविशारदाचे दोन गुण कमी करा.

दिसत नाही ते हवेत होतं. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून खिडक्या बंद ठेवून आत पाण्याचा फवारा सोडायचे. विणकामाच्या खात्यात घामटलेली उष्णता आणि कानठळ्या. माणसं खाणाखुणांनी बोलायची. पिंजणाच्या खात्यात कापसाची भुकटी छातीत जायची आणि दम लागायचा. ज्या दमटपणावर सूत जगायचं तोच चित्राच्या कागदाला बुरशी आणतो, म्हणून आजच्या दालनात एसी इतका कडक असतो. अंगावर काहीतरी घ्या.

बायका कुठे होत्या, हेही विचारा. त्या मुख्यतः रीळ आणि वाइंडिंगच्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यांत असायच्या, त्यांच्यावर देखरेखीला नायकीण. आणि गिरणीबाहेर हजारो कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना जोडून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. एखाद्या दालनाच्या माहितीपत्रकात गिरणीमालकाचं नाव असतं आणि या दोघींचा पत्ता नसतो, तेव्हा मला ते खटकतं.

आगीबद्दल पुन्हा एकदा, या वेळी स्वतःच्या जिवासाठी. मूळ इमारत आग अडवेल अशी बांधलेली असली तरी आतले नवे पार्टिशन, खोटी छतं, गच्चीवरचे बांबू-ताडपत्रीचे मांडव तसे नसतात. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटमध्ये लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. बंदिस्त जागेत शिरलात की दुसरा दरवाजा कुठे आहे ते बघूनच बसा. तिथे टेबलं किंवा खोकी रचून ठेवलेली दिसली तर उठून या. तुटलेले जुने सिमेंटचे पत्रे पडलेले असतील तर मुलांना हात लावू देऊ नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

फोटो, खाणं आणि शेजार

मोबाइलवर साध्या फोटोला सहसा अडवत नाहीत. तिपाई काढली, किंवा साडी बदलून प्री-वेडिंग सुरू केलंत, की परवानगी आणि पैसे दोन्ही लागतात. चित्रांचे फोटो विचारून, फ्लॅश न लावता.

खाण्यासाठी आवारातल्या कॅफेत बसलात तर बसा, पण जेवायला लालबागला जा. आंबेडकर रस्त्यानंच परळच्या दिशेला बस किंवा टॅक्सी करून गेलात की लाडू सम्राट आहे, चिवडा गल्ली आहे. या भागातून चालताना दोन्ही बाजूंना चाळी लागतील. गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे, दारात बसलेली आजी हे सगळं फोटोत फार छान दिसतं, हे खरं. पण ते कुणाचं तरी घर आहे. कॅमेरा वर करण्याआधी ‘आजी, काढू का?’ म्हणा. आणि ‘तुमच्याकडचं कुणी गिरणीत होतं का?’ हा प्रश्न सावकाश, ऐकायला वेळ असेल तेव्हाच विचारा. म्हाडाच्या सोडतीत घर लागलं की नाही, हा विषय बऱ्याच घरांत अजून दुखरा आहे.

सत्तरीच्या पुढच्या आईवडिलांना न्यायचं असेल तर भायखळ्याचीच अर्धी फेरी करा: सकाळी संग्रहालय, मग दालन, दुपारी परत. जिने आणि संध्याकाळची दादरची गर्दी त्यांना नको. दहाएक वर्षांच्या मुलांना वर सांगितलेली शोधाशोध मनापासून आवडते. होकायंत्र त्यांच्याच हातात द्या. त्याहून लहान मुलांसाठी मात्र राणीच्या बागेतले पेंग्विनच बरे, गिरणी राहू दे.

महालक्ष्मीचा कार्यक्रम रात्री साडेनऊ-दहाला सुटला तर महालक्ष्मी स्टेशनहून स्लो पकडून दादरला गाडी बदला. नवी मुंबईकरांनी दादरहून कुर्ला, तिथून हार्बर; शेवटच्या गाड्यांची वेळ आधी बघून ठेवा.

घराजवळचा सराव

एवढं सगळं करायच्या आधी किंवा नंतर, एक तास आपल्याच गावात द्या. ठाण्यात १९२५ मध्ये सुरू झालेली लोकरीची गिरणी पुढे रेमंड झाली. पोखरण रोडवरच्या त्या जागेवर आता उंच इमारती उभ्या राहतायत. ते बघून खट्टू व्हायला होतं, शिकायला फारसं काही उरलेलं नाही. वागळे इस्टेट मात्र अजून वाचता येते. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत म्हणजे ही. पासपोर्टच्या कामाला रोड नंबर २२ ला सगळेच जातात. त्या दिवशी अपॉइंटमेंट उरकली की आजूबाजूच्या नंबरांच्या रस्त्यांवरून एक चक्कर मारा. काचेच्या आयटी इमारतींच्या मध्ये जिथे जुनी शेड उरली असेल तिथे छताचा आकार बघा, काच कुठल्या दिशेला आहे ते होकायंत्रावर तपासा, माल चढवायचा ओटा, टाइम ऑफिसची खिडकी, गेटशेजारचा वडाचा किंवा पिंपळाचा पार शोधा. बाहेरूनच बघायचं, आणि चालू कारखान्याच्या गेटचे फोटो काढायचे नाहीत. सुरक्षारक्षक लगेच येतो.

हा फेरफटका रविवारी सकाळी सगळ्यात सोपा, ट्रक नसतात. नवी मुंबईकरांना हाच सराव रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात करता येईल, पण तिथली अंतरं पायी झेपणारी नाहीत. दुचाकी घ्या, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी जाऊ नका, कंटेनरच्या मध्ये थांबून छत बघता येत नाही.